'मॅड' म्हणजे रागावलेला की वेडा? मुलाला मराठीत कोणता शब्द द्यावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते. विषय एका इंग्रजी शब्दाचा आहे, पण अडचण घरातली आहे.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. आम्ही दोन वर्षांपूर्वी सांगलीहून न्यू जर्सीत आलो, प्रिन्स्टनच्या जवळच राहतो. सप्टेंबरात तो किंडरगार्टनला जायला लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या फोल्डरमध्ये बाईंची चिठ्ठी आली. पिवळा चिकटकागद, त्यावर निळ्या पेनाने दोन ओळी: 'ही वॉज व्हेरी मॅड टुडे. बट ही यूज्ड हिज वर्ड्स!' शेजारी हसरा चेहरा काढलेला.

मी ती ओट्यापाशी उभ्याउभ्या वाचली आणि तव्यावरची पोळी तिथेच करपली. माझ्या पोराला कुणी 'मॅड' म्हटलं, तेही लेखी, आणि वर हसरा चेहरा! आमच्याकडे 'मॅड आहेस का?' म्हणजे 'खुळा आहेस काय?' दुसरा अर्थ मी आयुष्यात ऐकला नव्हता. नवरा संध्याकाळी आला, त्याने वाचलं आणि म्हणाला, "अगं, चिडला होता एवढंच म्हणतायत त्या. आणि चिडून कुणाला ढकललं नाही, तोंडाने सांगितलं, म्हणून कौतुक केलंय."

दुसऱ्या दिवशी सोडायला गेले तेव्हा वर्गाच्या दारातून भिंत दिसली. तिच्यावर चार चेहरे चिकटवलेले: सॅड, मॅड, ग्लॅड, स्केअर्ड. मॅडचा चेहरा लाल, भुवया नाकाकडे उतरलेल्या. सकाळी मुलं आली की आपापल्या नावाची लाकडी चिमटी त्या त्या चेहऱ्याला लावतात. माझ्या मुलाची चिमटी त्या दिवशी ग्लॅडला होती. मला फार बरं वाटलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. दर रविवारी सकाळी आम्ही सांगलीला आजीला व्हिडिओ कॉल लावतो, तिकडे संध्याकाळ असते. परवा त्याचा खेळ मध्येच बंद करून त्याला फोनपुढे बसवलं, तर तोंड फुगवून म्हणाला, "आजी, मी मॅड आहे." आजी एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कोण म्हणालं रं तुला मॅड? असं कोण म्हणतं माझ्या बाळाला?" तो आणखी चिडला, कारण तो सांगत होता एक आणि आजी समजत होत्या दुसरंच. फोन ठेवल्यावर त्यांनी मला वेगळा फोन करून हळूच विचारलं, "पोराला तिथं कुणी टाकून बोलतंय का गं?"

तर मला त्याला मराठी शब्द द्यायचाय. 'मॅड' एवढासा आहे, सॅड-ग्लॅडशी जुळतो, पटकन तोंडात येतो. मी 'मी रागीट आहे' शिकवून पाहिलं, पण ते कानाला बरोबर वाटत नाही. 'रुसलोय' म्हणजे वेगळंच, त्यात कुणीतरी समजूत काढावी अशी अपेक्षा असते. 'संतापलोय' साडेपाच वर्षांच्या तोंडी फार मोठं होतं. काय शिकवू? आणि वेड्याचा शब्द रागाला लागला कसा, हे कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. अमेरिकनांनीच काढलेला आहे का हा अर्थ?

लीड्सकर

ताई, चिठ्ठीचं वाचून पोटात कालवलं. माझी मुलंही परदेशातच शाळेत गेली, त्यामुळे फोल्डरमधल्या चिठ्ठीची धास्ती मला माहीत आहे.

मी इंग्लंडात बारा वर्षं आहे. इथल्या बाईंनी तुमच्या मुलासाठी तो शब्द वापरला नसता. इथे 'मॅड'चा पहिला अर्थ अजून वेडाच. 'दॅट्स मॅड!' म्हणजे 'काहीतरीच काय!' 'फुटबॉल मॅड' म्हणजे फुटबॉलवेडा. रागासाठी 'हॉपिंग मॅड' असे ठरीव प्रयोग ऐकू येतात, पण लहान मुलांशी बोलताना इथला शब्द म्हणजे 'क्रॉस'. 'मम्मी इज क्रॉस विथ यू.' कपाळाला आठी पडलेली आहे, आवाज अजून चढलेला नाही, तेवढा राग. अँग्री त्याच्या वरची पायरी, फ्युरिअस आणखी वर.

आणि एक शब्द मी बरीच वर्षं चुकीचा समजत होतो: लिव्हिड. ऑफिसात कुणी 'आय वॉज लिव्हिड' म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे लालबुंद चेहरा यायचा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र निळसर, शिशाच्या रंगाचा. मुका मार लागल्यावर कातडी काळीनिळी पडते, तो रंग. म्हणजे आपण रागाने लाल होतो तिथे या शब्दातला माणूस रक्त उतरून पांढरानिळा पडलेला आहे. सांगलीचा माणूस रागाने निळा पडलेला मी पाहिलेला नाही.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण मुलगा मोठा झाल्यावर ऐकेलच. 'पिस्ड' हा शब्द अमेरिकेत चिडलेल्याला लावतात, इथे नुसता वापरला तर दारू प्यालेल्याला. दोन्हीकडे शिष्टसंमत नाही. पण कुणी म्हणालं तर अर्थ कळलेला बरा.

निवृत्त_मास्तर

कृष्णाकाठताई, 'मी रागीट आहे' कानाला खटकलं, तो तुमचा कान अगदी बरोबर आहे. मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं आणि या एका शब्दाशी दर वर्षी झगडलो.

आमच्याकडे फळ्यावर, वहीत, गाइडात सगळीकडे 'अँग्री = रागीट' असंच असायचं. मग 'माझे वडील' या निबंधात मुलं लिहायची, 'माय फादर इज टॉल. माय फादर इज अँग्री.' त्या मुलाला सांगायचं असायचं की वडील तापट स्वभावाचे आहेत. इंग्रजी वाचणाऱ्याला कळायचं की वडील या क्षणी चिडून बसले आहेत. रागीट, तापट, संतापी, चिडका, कोपिष्ट हे सगळे आपले शब्द स्वभाव सांगतात. उलट 'ही इज अँग्री' किंवा अमेरिकेतलं 'ही इज मॅड' त्या वेळेपुरतं असतं. अर्ध्या तासाने तोच माणूस अँग्री नसतो. रागीट मात्र उद्याही रागीटच.

त्या क्षणाचा राग सांगायला मराठी बोलणारा सहसा विशेषण घेतच नाही. तो म्हणतो, 'मला राग आला.' नीट पाहा, जशी झोप येते, कंटाळा येतो, ताप येतो, तसा राग येतो. बाहेरून कुणीतरी यावं तसा. म्हणून तो जातोही. 'गेला का राग?' असं आपण विचारतो. तो चढतो, उतरतो, निवळतो, गिळता येतो, दुसऱ्यावर काढता येतो, कुणाकुणाच्या तो नाकावरच बसलेला असतो. इंग्रजीत 'आय ॲम अँग्री' म्हटलं की मी आणि राग एकच झालो. मराठीत मी वेगळा राहतो आणि राग वेगळा. मुलांना हा फरक मी फळ्यावर दोन वर्तुळं काढून दाखवायचो. इंग्रजीचं एकच वर्तुळ, मराठीची दोन, मधे बाण. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांनाही ते लगेच पटायचं, कारण राग येणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक असायचं.

शब्दयोगी अव्ययांचंही सांगतो, कारण परीक्षेत हमखास विचारत. माणसावर राग असेल तर 'अँग्री विथ', गोष्टीचा असेल तर 'अँग्री ॲट' किंवा 'अबाउट'. आता माणसालाही 'ॲट' सर्रास लावतात. 'मॅड'चं तसं नाही. रागावलेला असेल तर 'मॅड ॲट हिम', आणि 'मॅड अबाउट हिम' म्हटलं तर बहुतेक वेळा त्याच्या प्रेमात पडलेली! एवढ्याशा शब्दाने अर्थ उलटा होतो.

माझं मत विचाराल तर त्याला 'मला राग आलाय' एवढंच शिकवा. सात अक्षरं आहेत, पण सगळी त्याला येणारी आहेत.

उपसंपादक

मास्तर, पूर्ण आदर राखून एक भर घालते. क्षणापुरत्या रागाची विशेषणं मराठीत नाहीत असं नाही. संतप्त, क्रुद्ध, क्षुब्ध आहेत की. मी वर्तमानपत्रात काम केलंय. 'संतप्त ग्रामस्थांनी रास्ता रोको केला' हे वाक्य मी किती वेळा लावलं असेल त्याला गणती नाही. तो ग्रामस्थ रोजचा संतप्त नसतो, पाणी आलं नाही म्हणून त्या दिवशी असतो. 'नाराज' हा फारसीतून आलेला शब्दही स्थितीचाच आहे. पण कुठलंही पोर घरात येऊन 'आई, मी संतप्त आहे' म्हणत नाही. छापायचा राग आणि बोलायचा राग आपल्याकडे वेगवेगळे आहेत, असं म्हणू या.

निवृत्त_मास्तर

मान्य. 'बोलताना' हा शब्द मी आणखी ठळक लिहायला हवा होता.

शब्दशोध

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. थोडं लांबेल.

रागाचा अर्थ अमेरिकनांनी काढला, असा समज इंग्लंडमध्येही पूर्वापार आहे. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे या अर्थावर नाक मुरडणारे एक गृहस्थ तुमच्या अगदी शेजारचे. जॉन विदरस्पून, मूळचे स्कॉटलंडचे धर्मोपदेशक, नंतर प्रिन्स्टनच्या कॉलेजचे प्रमुख. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १७८१ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या इंग्रजीवर लेख लिहिले आणि 'अमेरिकॅनिझम' हा शब्दच त्यांनी घडवला. चिडलेल्या माणसाला 'मॅड' म्हणणं त्यांना खटकलं होतं, चांगल्या बोलणाऱ्याने ते टाळावं असं त्यांचं मत होतं. तुमच्या मुलाच्या बाईंचा शब्द त्याच गावाच्या आसपास अडीचशे वर्षांपूर्वीही मुलांच्या तोंडी होता, असं धरायला हरकत नाही.

पण तो अर्थ अमेरिकेपेक्षा फार जुना आहे. मध्ययुगीन इंग्रजीतच तो दिसतो. सगळ्यात चांगला पुरावा १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, 'प्रेषितांची कृत्ये' या भागाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. अकराव्या ओवीत येशूचा प्रेषित पौल स्वतःच्या पूर्वायुष्याबद्दल सांगतो की मी येशूच्या अनुयायांवर इतका 'मॅड' होतो की परक्या गावांपर्यंत त्यांचा छळ केला. इथे अर्थ राग, पेटलेला राग. पुढे चोविसाव्या ओवीत सुभेदार फेस्तस त्याला ओरडून म्हणतो की अतिविद्येने तू 'मॅड' झालास. इथे अर्थ वेड. तेरा ओव्यांच्या अंतरात एकच शब्द दोन्ही अर्थांनी! आणि हे भाषांतरकारांनी केलेलं नाही. मूळ ग्रीकमध्येही दोन्ही ठिकाणी एकाच मुळाचे शब्द आहेत, ज्या मुळातून 'मेनिया' आला. तेव्हा ही वाट अमेरिकनांची नाही, इंग्रजांचीही नाही.

दुसरी साक्ष 'रेज' या शब्दाची. रेज म्हणजे भयंकर संताप. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'राबिएस'वरून आला, आणि राबिएस म्हणजे वेड, पिसाळणं. आपण ज्याला रेबीज म्हणतो तो रोग आणि इंग्रजी रेज एकाच शब्दाची दोन लेकरं. आता मराठीत बघा. कुत्रं पिसाळतं. आणि माणूस? 'एवढं काय पिसाळायला झालं तुला?' असं आपण म्हणतोच. 'पिसे' हा वेडाचा जुना शब्द, संतांच्या अभंगांत ठायी ठायी आहे, 'पिसे लागले'. 'खवळणे' तसाच, समुद्र खवळतो आणि सासराही खवळतो. इंग्रजीतही समुद्राला 'अँग्री सी' म्हणतात.

'अँग्री'चं मूळ मात्र वेगळं आहे आणि मला ते जास्त आवडतं. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'अंगर' म्हणजे दुःख, खेद, त्रास. इंग्रजीत शिरल्यावरही सुरुवातीला त्याचा अर्थ दुःखच होता, राग नंतर झाला. त्याच्याही मागे गेलं तर अरुंद, आवळलेलं, घुसमटलेलं अशा अर्थाचं मूळ सापडतं. जर्मन 'आंग्स्ट', इंग्रजी 'अँक्शस', छातीत आवळून येणारं 'अंजायना', हे सगळे त्याच घरचे. आणि आपला वैदिक 'अंहस्', म्हणजे संकट, क्लेश, पाप, तोही त्याच मुळाचा. ऋग्वेदात 'अंहसापासून आम्हांला सोडव' अशा प्रार्थना वारंवार येतात. म्हणजे अँग्री हा शब्द आपला दूरचा चुलत भाऊ निघाला.

निवृत्त_मास्तर

शब्दशोधराव, आज फार मोठी गोष्ट दिलीत. समर्थांचा मनाचा श्लोक आठवला, 'नको रे मना क्रोध हा खेदकारी.' लहानपणापासून म्हणतो आहे आणि 'खेदकारी' हा शब्द यमकासाठी आला असेल असंच धरून चाललो होतो. क्रोधाशी खेद जोडलेला आहे हे आज तुमच्या नॉर्स शब्दावरून मनात उतरलं.

वेडाच्या वाटेचं म्हणाल तर ती गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पायरीपायरीने दिलेली आहे. 'क्रोधाद्भवति सम्मोहः', मग स्मृतिविभ्रम, मग बुद्धिनाश. पूर्वी या श्लोकाकडे मी उपदेश म्हणून पाहायचो. आता वाटतं की हा चिडलेल्या माणसाचा तंतोतंत आलेख आहे. आधी भान जातं, मग आपण काय शिकलो ते आठवत नाही, मग अक्कल जाते.

फोंडेकर

कोकणीत वेड्याला 'पिसो' म्हणतात, वेडाला 'पिशें'. घरात अजून रोजचा शब्द आहे. माझी आई आम्हां भावंडांना ओरडताना 'पिसो जालो काय रे?' म्हणायची आणि त्यात राग तिचा असायचा, वेड आमचं. शब्दशोध यांनी पिसाळण्याचं लिहिलं ते वाचून तिची फार आठवण आली.

रंकाळ्याचा

आमच्याकडं एवढं लांब जायची गरजच नाही बघा. 'डोकं फिरलं' हा एकच शब्दप्रयोग घ्या. 'तुझं डोकं फिरलंय काय?' म्हणजे तू वेडा झालास काय. 'माझं डोकं फिरवू नको' म्हणजे मला राग आणू नको. 'त्याचं डोकं फिरलं आन् त्यानं ताट भिरकावलं' यात वेड किती, राग किती, कोण सांगणार? इंग्रज 'मॅड' म्हणतोय आणि आपण 'डोकं फिरलं' म्हणतोय, वाट एकच. 'डोकं सटकलं' तसंच.

ताई, पोराला 'माझं डोकं फिरलंय' शिकवा, आजीला लगेच कळेल.

कृष्णाकाठ

किती लिहिलंत सगळ्यांनी! मी रात्री बसून दोनदा वाचून काढलं. विदरस्पून यांचं वाचून अंगावर काटा आला. त्या कॉलेजवरून आम्ही दर शनिवारी मंडईला जातो.

रंकाळ्याचा, 'डोकं फिरलंय' मला स्वतःला फार आवडलं, मी ते लहानपणापासून वापरते. पण आजी थोड्या जुन्या वळणाच्या आहेत, नातवाच्या तोंडी ते ऐकलं तर मलाच बोलतील.

ठाण्याची_सिस्टर

मी सगळं आवडीने वाचलं. एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कुणावर टीका म्हणून नाही.

मी बावीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं. मुंबईकडे 'याला ठाण्याला पाठवा' आणि पुण्याकडे 'याला येरवड्याला पाठवा' असं थट्टेत म्हणतात, तेव्हा वॉर्डातल्या माणसांच्या घरच्यांना काय वाटतं ते मी जवळून पाहिलंय. एक आई दर गुरुवारी डबा घेऊन यायची. रिक्षावाल्याला रुग्णालयाचं नाव न सांगता अलीकडच्या चौकाचं नाव सांगायची आणि तिथून चालत यायची. डब्यावर टॉवेल गुंडाळलेला, भात गरम राहावा म्हणून.

कायद्याची भाषा बदलायलाही वेळ लागला. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लुनसी' होतं. १९८७ मध्ये तो जाऊन मानसिक आरोग्य कायदा आला, आणि २०१७ च्या कायद्याने आजारी माणसाला हक्क दिले. इंग्रजीतही आता आजारी माणसाला 'मॅड' म्हणत नाहीत. मला वाटतं, अमेरिकेत तो शब्द मुलांच्या रागापुरता राहिला हे एका परीने चांगलंच झालं. आजीबाईंना जे लागलं ते मी समजू शकते. त्यांच्या कानाला त्या शब्दात मोठं दार बंद झाल्याचा आवाज आला असणार.

राग हा आजार नाही, हे आम्हांला वॉर्डात नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवावं लागायचं. पेशंट चिडला की लगेच 'वाढलंय' असं कागदावर लिहायचं नाही. त्याला जेवण थंड मिळालं असेल, कुणी भेटायला आलं नसेल. आधी विचारायचं.

कृष्णाकाठ

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. डब्यावरच्या टॉवेलापाशी मला थांबावं लागलं. आजींनाही वाचून दाखवणार आहे.

दवाखान्यातून

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इंग्रजीत आम्ही जखमेलाही 'अँग्री' म्हणतो. लाल, गरम, सुजलेली, हात लावला तर ठणकणारी. 'ॲन अँग्री रॅश' हे केसपेपरवर लिहिलेलं पाहून एक पेशंट म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, मी कुठे चिडले?" शब्दशोध यांनी जुना अर्थ दुःख-वेदना असा दिला, तो बहुतेक इथेच शिल्लक आहे. कातडीच्या बाबतीत अँग्री म्हणजे दुखतंय.

आईंसाठी एक निरीक्षण. दुखणं सांगता न येणारी लहान मुलं चिडचिड करतात. कान दुखत असतो, भूक लागलेली असते. इंग्रजीत भुकेने चिडलेल्याला आता 'हँग्री' असा जोडशब्दच आहे, २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेला. आपल्या आयांना तो शब्दाशिवाय कळत होता, 'आधी दोन घास खा, मग बोल.'

लीड्सकर

'दोन घास खा मग बोल' याला इंग्रजीत शब्द नाही, हेही नोंदवून ठेवतो.

उपसंपादक

राग या शब्दाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. संस्कृतात राग म्हणजे रंग, तांबूस रंग, आसक्ती, प्रेम. 'रञ्ज्' धातू, रंगणे. त्यातून गाण्यातला राग, अनुराग, विराग. हिंदीत राग म्हटलं की आधी गाणंच आठवतं, संतापाला ते गुस्सा म्हणतात. आपण मराठीत राग संतापाला वापरतो, बंगालीतही तसंच. रंगाचा शब्द चेहऱ्याच्या लालीपर्यंत आला आणि तिथेच राहिला असावा. 'रागलोभ' या जोडीत राग एकीकडे, माया दुसरीकडे. आमंत्रणपत्रिकेच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो, तो लोभ.

तुमच्या मुलाच्या वर्गात मॅडचा चेहरा लाल आहे ना? मग आपला शब्द त्याला शोभून दिसेल.

निवृत्त_मास्तर

ताई, काय ठरलं शेवटी? आम्ही सगळे वाट बघतोय.

कृष्णाकाठ

मास्तर, उशीर झाला, माफ करा. मुलाला ताप होता.

तुमचं ऐकून 'मला राग आलाय' शिकवलं. आधी त्याने केलं ते असं: 'मी राग आहे.' तुम्ही सांगितलेलं इंग्रजीचं एक वर्तुळ! मग मी कागदावर तुमची दोन वर्तुळं काढली. एकात त्याचं तोंड, दुसरं लाल रंगवलं, मधे बाण. बाण बघून तो म्हणाला, "हा इकडून येतो?" मी म्हटलं, हो. "मग परत जातो?" म्हटलं, जातो. त्याने स्वतः दुसरा बाण काढला, उलट्या दिशेने. कागद फ्रिजवर लावलाय. शाळेत तो मॅडच म्हणतो, ते तसंच राहू दे, तिथे तोच शब्द बरोबर आहे.

काल रविवार होता. फोनच्या आधी भावंडांत, म्हणजे शेजारच्या मुलीत आणि त्याच्यात, निळ्या गाडीवरून भांडण झालेलं. फोन लागला. आजी म्हणाल्या, "काय रं बाळा, तोंड असं का?"

तो म्हणाला, "आजी, मला राग आलाय."

आजींनी चष्मा काढला, फोन जवळ घेतला आणि विचारलं, "कुणाचा रं?"

आणि मग त्याने अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी करत गाडीची सगळी हकिकत सांगितली, वीस मिनिटं. मी मागे उभी होते. आजी मधे एकदाही काही बोलल्या नाहीत, नुसतं 'बरं', 'मग?' करत राहिल्या.